उजेड कसा सरकतो ते बघा: जुन्या अकिकाच्या गोट्या जमवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

अकीक म्हणजे थरांचे पट्टे असलेला कठीण दगड, इंग्रजीत अगेट. ‘जुनी अकिकाची गोटी’ या नावाखाली जे काही विकायला येतं, त्यात काच असते, प्रयोगशाळेतल्या चक्कीचे गोळे असतात, भोक बुजवलेले मणी असतात, गेल्याच वर्षी यंत्रावर घासलेले ‘हीलिंग’वाले, म्हणजे दुखणं बरं करतात म्हणून विकले जाणारे गोळे असतात आणि मधूनच एखादी खरी गोटी असते. खरी म्हणजे एकोणिसाव्या शतकात किंवा विसाव्याच्या सुरुवातीला जर्मनीत माणसाने हाताने चाकावर घासलेली. ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एक खिडकी, एक भिंग आणि घाई न करण्याची सवय एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं. उरलेलं काम म्हणजे मोह आवरणं, आणि ते मला शिकवता येणार नाही.

आधी गाव समजून घ्या

या गोट्यांचं गाव एकच: इडार-ओबरश्टाइन. जर्मनीच्या ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्यात, नाहे नदीच्या खोऱ्यात. इडार आणि ओबरश्टाइन ही पूर्वी वेगवेगळी गावं होती, ती १९३३ मध्ये एक झाली. आसपासच्या डोंगरात अकीक सापडायचा आणि इडारबाख नावाच्या ओढ्याला चाकं फिरवण्याइतकं पाणी होतं. दगड आणि पाणी दोन्ही हाताशी, त्यामुळे ओढ्याच्या काठाने पाणचक्क्या उभ्या राहिल्या.

चक्कीत वालुकाश्माची प्रचंड चाकं उभी फिरत, साधारण माणसाच्या उंचीची. कामगार बसून काम करत नसे. तो एका बुटक्या लाकडी घोडीवर पोटावर आडवा होई, पाय मागे जमिनीत ठोकलेल्या पट्टीला टेकवी आणि सगळ्या अंगाचा जोर लावून दगड चाकावर दाबून धरी. समोर ओलं चाक, तोंडाशी उडणारा चिखल, छातीखाली लाकूड. फुफ्फुसाचे रोग या धंद्याला चिकटलेलेच होते. हातात मावणारी चकचकीत गोटी अशा ठिकाणाहून आली आहे, हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की तिच्या अंगावरच्या खुणा वाचणं सोपं जातं.

गोटी करायची रीत अशी. अकिकाचा ढेकूळ हातोडीने फोडून साधारण चौकोनी तुकडे काढायचे. त्यांचे कोपरे टवके उडवून घालवायचे, की ओबडधोबड गोळा तयार होतो. मग तो गोळा चाकावर धरून वळवत वळवत घासायचा आणि शेवटी पॉलिश करायचा. दगड चाकाला जिथे टेकतो तिथे एक बारीक सपाट जागा पडते. जरासा वळवला की शेजारी दुसरी पडते. शेकडो वेळा वळवल्यावर गोळा गोल दिसू लागतो, पण नीट पाहिलं तर तो असंख्य छोट्या सपाट जागांचा बनलेला असतो. या सपाट जागांना आपण पैलू म्हणू. आपला सगळा खेळ या पैलूंवर आहे.

तिथला स्थानिक अकीक एकोणिसाव्या शतकात संपत आला. पण त्याआधीच तिथून ब्राझीलला गेलेल्या लोकांना रिओ ग्रांदे दो सुल भागात अकिकाचे मोठे साठे दिसले होते, आणि १८३० च्या दशकापासून तो माल जहाजांनी जर्मनीत येऊ लागला. नंतरच्या बऱ्याच ‘जर्मन’ गोट्यांचा दगड ब्राझीलचा आहे. विक्रेता ‘अस्सल जर्मन दगड’ म्हणून जास्त पैसे मागू लागला तर हे लक्षात असू द्या.

अमेरिकेत या गोट्यांना मोठं गिऱ्हाईक होतं. तिकडची पोरं रिंगणात मारायची मोठी गोटी अकिकाची ठेवत, कारण ती मातीच्या गोटीसारखी फुटत नसे आणि काचेपेक्षा कणखर होती. पुढे दोन गोष्टींनी हा व्यापार मोडला. ओहायोतल्या ॲक्रन गावात मार्टिन फ्रेडरिक ख्रिस्तेन्सेनला १९०५ मध्ये काचेच्या गोट्या वळणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं आणि काचेची गोटी पैशाला पासरी झाली. मग १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि जर्मन माल येणंच थांबलं. म्हणून संग्राहकांचा मुख्य काळ साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा. त्यानंतरही थोड्या गोट्या झाल्या, पण यंत्राचा वाटा वाढत गेला.

काय काय विकत घ्यावं लागेल

फार काही नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, जे सराफाकडे असतं तसंच. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. व्हर्नियर कॅलिपर, शक्यतो प्लास्टिकच्या जबड्यांचा. एक बारीक झोताची टॉर्च. यातली प्रत्येक वस्तू तुमच्या पहिल्या चांगल्या गोटीपेक्षा स्वस्त असेल.

आणि एक वाईट गोटी. हे मी गंभीरपणे सांगतोय. पहिली खरेदी म्हणून खेळून खेळून झिजलेली, करड्या किंवा तपकिरी रंगाची, अर्ध्या-पाऊण इंचाची, खात्रीची जुनी गोटी घ्या. ती कुणालाच नको असते, म्हणून स्वस्त मिळते, आणि तिची नक्कल करण्याच्या फंदातही कुणी पडत नाही. तिच्याबरोबर आजचा यंत्रावर घासलेला अकिकाचा गोळा आणि एक साधी काचेची गोटी घ्या. ही त्रयी आठवडाभर टेबलावर ठेवा आणि जाता-येता हातात घेत राहा. पुस्तकातले फोटो शिकवत नाहीत ते हे तिघं शिकवतात.

मुख्य परीक्षा: खिडकीसमोर

दिवसा, ट्यूबलाइट बंद करून, एकाच खिडकीकडे तोंड करून उभे राहा. गोटी अंगठा आणि तर्जनीत धरा. तिच्यावर खिडकीचं छोटं उजळ प्रतिबिंब पडलेलं दिसेल. आता रंग बघू नका, पट्टे बघू नका. फक्त त्या उजळ डागावर नजर ठेवून गोटी अगदी सावकाश फिरवा.

यंत्रावर घासलेल्या गोळ्यावर तो डाग एका जागी शांत राहतो. गोळा खालून फिरतो, डागाला त्याचा पत्ताही नसतो. हाताने घासलेल्या गोटीवर मात्र डाग थरथरतो. क्षणभर थांबतो, पसरतो, मग टुणकन शेजारच्या पैलूवर जातो. कधी त्याची कड सरळ रेषेत कापल्यासारखी दिसते. ती दोन पैलूंमधली सीमा. काही गोट्यांवर पैलू मोठे आणि ठळक असतात, अगदी नवख्यालाही दिसतात. काहींवर इतके बारीक की डाग जेमतेम हलल्यासारखा वाटतो. चांगल्या कारागिराच्या हातची गोटी नेमकी या दुसऱ्या प्रकारची असते. म्हणून पहिल्या नजरेत पैलू दिसले नाहीत म्हणून टाकून देऊ नका. दिवे बदला, टॉर्च तिरपी धरा, पुन्हा फिरवा.

पैलू नखाला लागत नाहीत. बोटाला ‘खडबडीत’ लागतंय असं कुणी म्हणत असेल तर तो झिजेचा किंवा टवक्यांचा खडबडीतपणा आहे.

मग कॅलिपर घ्या आणि तीन वेगवेगळ्या दिशांनी व्यास मोजा. हातची गोटी तिन्ही वेळा सारखा आकडा सहसा देत नाही. आणि आकडा मिलिमीटरच्या पूर्णांकात अगदी चोख आला, समजा तिन्ही दिशांनी २०.०, तर जपून. प्रयोगशाळेत दगड-धातूंची पूड करायला अकिकाच्या चक्क्या वापरतात, आणि त्यातले अकिकाचे गोळे अशाच पूर्णांकी मापांत विकले जातात. ते खरोखर अकिकाचे असतात, सुबक असतात, बहुतेक करडे असतात, आणि जुनी गोटी म्हणून खपवायला अगदी सोयीचे असतात.

एवढं झालं तरी पैलू हा एकटा पुरावा नाही. आजही हाताने घासणारे कारागीर आहेत, त्यांच्या कामातही असमानता येते. म्हणून पुढच्या पायऱ्या.

अकीक आहे की काच

नावावर जाऊ नका. अक्रो अगेट नावाची प्रसिद्ध अमेरिकन कंपनी होती. ॲक्रनमध्ये सुरू झाली, १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ मध्ये बंद पडली. तिच्या गोट्या काचेच्या. अकिकासारख्या दिसाव्यात म्हणून रंग मिसळून केलेल्या, आणि आज त्यांचेही वेगळे संग्राहक आहेत. पण कुणी ‘अगेट’ लिहिलेला डबा दाखवून दगडाचा भाव मागितला तर हसून पुढे जा.

काचेत भिंगाखाली हवेचे गोल बुडबुडे दिसतात, अकिकात दिसत नाहीत. हाताने केलेल्या जुन्या काचेच्या गोटीला एका किंवा दोन्ही टोकांना दांडीपासून तोडल्याचा खरबरीत ठिपका असतो. जर्मनीतल्याच लाउशा गावात १८४६ च्या सुमारास गोट्या कापायची खास कात्री आली तेव्हापासूनच्या या गोट्या. त्याही जुन्या आणि मौल्यवान असतात, फक्त आपला विषय त्या नव्हेत.

सगळ्यात खात्रीची परीक्षा पट्ट्यांची आहे आणि ती निव्वळ भूमितीची आहे. अकिकाचे पट्टे पृष्ठभागावर नसतात, ते दगडाच्या आरपार गेलेले थर असतात. सपाट, समांतर थर असलेल्या दगडातून गोल काढला, तर दोन समोरासमोरच्या टोकांना वर्तुळात वर्तुळं दिसणार आणि मधल्या भागावर कमरपट्ट्यासारख्या रेघा. एका टोकाकडच्या वलयांपासून सुरुवात करून बोटाने एकेक पट्टा मोजत दुसऱ्या टोकाला जा. कुठेही पट्टा अचानक तुटला, वळून स्वतःतच शिरला किंवा धुरासारखा विरघळला, तर तो काचेचा पिळा आहे. थर वाकडे असलेल्या दगडात आकृती अधिक गुंतागुंतीची होते, पण तिथेही प्रत्येक रेघेला आत जाणारी दुसरी बाजू असते. टॉर्चचा झोत मागून टाकला की ती अर्धपारदर्शक भागातून दिसतेही.

काट्यावरची परीक्षा घरी सहज जमते. गोटीचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्य करा. गोटी बारीक दोऱ्याच्या फासात अडकवून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-कडेला लागणार नाही अशी टांगती धरा. काटा जे ग्रॅम दाखवेल तेवढे तिचे घन सेंटिमीटर. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. अकिकाला उत्तर २.६ च्या आसपास येतं. २० मिलिमीटरची गोटी साधारण १०.९ ग्रॅम भरते आणि पाण्यात ४.२ दाखवते, २५ मिलिमीटरची साधारण २१.३ ग्रॅम. शिशाची काच याहून बरीच जड निघते, राळेची किंवा प्लास्टिकची नक्कल फारच हलकी. नेहमीची साधी काच मात्र २.५ च्या आसपास, म्हणजे अगदी शेजारी. त्यामुळे या परीक्षेने गोटी नापास करता येते, पास करता येत नाही.

एक गमतीची पद्धतही आहे. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा करा, पोलराइज्ड गॉगल त्याच्यासमोर धरून काळाठिक्कर होईपर्यंत फिरवा, आणि मध्ये गोटी धरा. अर्धपारदर्शक अकीक बारीक स्फटिकांचा बनलेला असल्यामुळे कसाही फिरवला तरी उजळलेला राहतो. काच बहुतांशी काळी पडते, कडेला फिकट रेघा येऊ शकतात. गडद, अपारदर्शक गोटीवर याचा उपयोग नाही.

अकिकाचा कठीणपणा मोहसच्या मापात ६.५ ते ७, काचेचा ५.५ च्या आसपास. म्हणून काही जण ‘काचेवर ओरखडा काढून बघ’ सांगतात. अजिबात करू नका. दुसऱ्याच्या दुकानात तर नाहीच.

मिश्र बरणीत आणखी एक पाहुणा भेटतो: चुनखडीची किंवा संगमरवराची गोटी. तीही दगडाची, तीही जर्मन, तीही जुनी. बेर्शतेसगाडेनजवळ आल्मबाख घळीत १६८३ पासूनची गोट्यांची पाणचक्की आजही चालते. तिथे खाली वालुकाश्म आणि वर बीच लाकडाची तबकडी यांच्यामध्ये दगड फिरून फिरून गोल होतात. या गोट्या मऊ असतात, चकाकी मेणासारखी, वलयं नसतात आणि पैलू तर नसतातच. स्वस्तही असतात.

रंग: इथे आपली नेहमीची अक्कल चालत नाही

आपल्याकडे खडा रंगवलेला आहे म्हटलं की गिऱ्हाईक हात मागे घेतं. गोट्यांच्या संग्रहात नियम उलटा आहे. इडारचे कारागीर एकोणिसाव्या शतकात दगड रंगवण्यात तरबेज झाले होते, आणि त्या काळात रंगवलेली निळी, हिरवी किंवा पिवळी गोटी साध्या करड्या गोटीपेक्षा कितीतरी जास्त भाव खाते. कारण त्या मुळात कमी घडवल्या गेल्या.

अकिकाचे काही थर द्रव शोषतात, काही जवळजवळ शोषत नाहीत. म्हणून रंगवलं की पट्टे पुसले जाण्याऐवजी अधिक उठून दिसतात. काळ्यासाठी दगड मधाच्या किंवा साखरेच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवत आणि मग गंधकाम्लात टाकत. आत शिरलेली साखर जळून कोळसा होते, थर काळा, शोषून न घेणारा शेजारचा थर पांढरा. काळ्या-पांढऱ्या ठसठशीत पट्ट्यांची गोटी बहुतेक वेळा अशीच झालेली असते. लाल-केशरीसाठी लोहाचे क्षार आणि भट्टी, हिरव्यासाठी क्रोमियमचे क्षार, निळ्यासाठी दोन वेगळे क्षार एकामागून एक आत मुरवून दगडातच प्रशियन ब्लू तयार करायचा. हे सगळे खनिज रंग. ते खोल असतात, थोडे दबलेले असतात.

टाळायचा तो आजचा रंग: भडक गुलाबी, जांभळा, मोरपिशी. असा रंग दिसला की परीक्षाही करत बसू नका. भिंगाखाली त्याचा रंग बारीक भेगांमध्ये जास्त साचलेला दिसतो.

माझं मत विचाराल तर नवख्याने सुरुवातीला लाल कार्नेलियन (अकिकाचाच लालसर भाऊबंद) आणि तपकिरी पट्ट्यांच्याच गोट्या पाहाव्यात. निळ्या-हिरव्याच्या नादी लागायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि तो होण्याआधी पाकीट रिकामं होतं.

भाव कशाने ठरतो

पहिल्यांदा आकाराने. बहुतेक गोट्या अर्धा ते एक इंच. त्यापुढे भाव आकाराच्या प्रमाणात वाढत नाही, उड्या मारत वाढतो, कारण भेग नसलेला मोठा दगड मिळणं कठीण आणि तो घासताना फुटण्याची भीतीही मोठी.

मग आकृती. गोटीच्या एका टोकाला वलयांचा बरोबर मध्यभागी बसलेला डोळा, ज्याला संग्राहक बुल्सआय म्हणतात, त्याला सगळ्यात मागणी. दोन्ही टोकांना असेल तर आणखी. डोळा नीट मध्यावर येणं हा अपघात नसतो. दगड कुठल्या बाजूने फोडायचा हे आधी ठरवणाऱ्या माणसाची ती करामत.

आणि मग अवस्था. गोटी गोटीवर आदळली की आत, पृष्ठभागाच्या जरा खाली, नखाच्या कडेसारखी पांढरट अर्धगोल भेग पडते. तिला आपण चंद्रकोर म्हणू. इंग्रजी बोलणारे संग्राहकही तिला चंद्राच्याच नावाने ओळखतात. खेळलेल्या गोटीवर अशा चंद्रकोरी असणारच. मला त्या आवडतात. चार-दोन चंद्रकोरी, ठळक पैलू आणि मूळचं पॉलिश असलेली गोटी ही निर्मळ चकचकीत गोटीपेक्षा जास्त विश्वासाची असते. मोठा टवका मात्र भाव पाडतो.

इथेच एक फसगत होते. चंद्रकोरी घालवायला काही जण गोटी पुन्हा यंत्रात घालून पॉलिश करतात. चंद्रकोरींबरोबर पैलूही जातात आणि मागे उरतो तो एक सुंदर, गोल, नाव-गाव नसलेला दगड. दगड जुना, पृष्ठभाग नवा. असं करून देणाऱ्याकडे आपली गोटी कधीही देऊ नका.

दुसरी युक्ती तेलाची. तेलाचं बोट फिरवलं की चंद्रकोरी जवळजवळ अदृश्य होतात. गोटी हातात गुळगुळीत-ओशट लागली तर दुकानदाराला विचारून ओल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा खिडकीपाशी न्या.

खंभात आणि आपली बाजू

महाराष्ट्रात या गोट्या झाल्या नाहीत, पण दगडाशी आपली ओळख फार जुनी आहे. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत अकीक आणि त्याचे भाऊबंद भरपूर सापडतात. नांगरलेल्या काळ्या रानात पावसानंतर चमकणारी गारगोटी बऱ्याच जणांनी उचललेली असेल. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून असे दगड भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. दगड पोकळीत कसा वाढतो हे एकदा तिथे पाहिलं की गोटीवरचे थर वेगळेच कळतात.

घासकामाची आजची जिवंत जागा म्हणजे गुजरातमधलं खंभात. कच्चा माल पूर्वापार भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरचा. तिथले कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याचे टवके उडवतात. लोथलचे मणी करणाऱ्यांची पद्धतही याच्याच जवळची असावी, असं अभ्यासक मानतात. इडारचा फुफ्फुसाचा रोग इथेही आहे. कोरड्या घासकामाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस ही खंभातची मोठी समस्या आहे.

गोटीवाल्याने खंभातकडे दोन कारणांसाठी पाहावं. एक, नव्या कामाची ओळख. आज ‘हीलिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी पुष्कळसे भारतातले असतात, आणि परदेशात जाऊन तेच ‘व्हिंटेज’ होऊन परत भेटतात. दोन, मणी. जुन्या मण्याचं भोक दगडाच्या पुडीने बुजवून गोटी म्हणून विकण्याचे प्रकार होतात. दोन्ही टोकांना समोरासमोर गोल ठिपका दिसला तर टॉर्च मागून धरा. आरपार सरळ नळी दिसेल.

आणि पैठण, तेर अशा जुन्या वसाहतींच्या जागी सापडलेले मणी किंवा गोळे उचलू नका, विकतही घेऊ नका. तो कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि जागेवरून हलवलेल्या मण्याचा इतिहासही तिथेच संपतो.

खरेदी

जर्मनीत राहत असाल किंवा जाणार असाल, तर फ्रँकफुर्टहून माइन्स, बाड क्रॉइत्स्नाखमार्गे नाहेच्या खोऱ्यातून जाणारी रेल्वे थेट इडार-ओबरश्टाइनला नेते. एका दिवसात जाऊन येता येतं. टीफेनश्टाइन भागातली वायहरश्लायफे ही पाण्यावर चालणारी जुनी घासचक्की आणि जर्मन रत्नसंग्रहालय ही दोन ठिकाणं चुकवू नका. मोसमाप्रमाणे वेळा बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. मात्र तिथल्या भेटवस्तूंच्या दुकानातले गोळे आजचे असतात. जुनी गोटी मिळायची शक्यता खेड्यापाड्यातल्या जुन्या बाजारात जास्त. अमेरिकेतल्या मराठी मंडळींचं नशीब बरं. माल तिकडेच गेला होता, त्यामुळे जुन्या वस्तूंच्या दुकानात बटणांच्या डब्यातसुद्धा एखादी निघते.

भारतात बसून घ्यायची तर ऑनलाइनच. विक्रेत्याकडे हे मागा: मिलिमीटरमध्ये तीन दिशांचा व्यास, ग्रॅममध्ये वजन, डोळ्याच्या विरुद्ध बाजूचा फोटो आणि एकाच दिव्याखाली गोटी सावकाश फिरवतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. जातिवंत विक्रेता हे आनंदाने देतो. जो ‘फोटोत सगळं दिसतंय’ म्हणतो त्याच्याकडचा माल त्याच्याकडेच राहू द्या. पांढऱ्या डब्यात चारी बाजूंनी उजेड टाकून काढलेल्या फोटोत पैलू कधीच दिसत नाहीत, त्यामुळे नुसत्या फोटोवर ‘हातची’ या शब्दाला किंमत देऊ नका. परत करण्याची मुदत लेखी घ्या. कस्टम्स आणि कुरिअरचा खर्च आधी विचारून तो गोटीच्या किमतीत धरा. छोट्या गोटीवर तो गोटीपेक्षा जास्त होऊ शकतो, म्हणून ओळखीच्या दोघांनी मिळून मागवणं परवडतं.

बाहेरून आणलेल्या मालाची कागदपत्रं फेकू नका. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. उद्या गोटी परदेशी संग्राहकाला विकायची किंवा मुलाकडे पाठवायची वेळ आली, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी लागेल.

घरी आणल्यावर

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ टूथब्रश. बस. ॲसिड, लिंबू, अल्ट्रासॉनिक यंत्र, उकळतं पाणी यांतलं काही नको. आतल्या भेगा वाढतात. गोट्या एका बरणीत घालून ठेवू नका, कितीही सुरेख दिसलं तरी. अकीक शेजारच्या काचेच्या गोटीला मारतो आणि अकिकावर अकीक आदळला तर नवी चंद्रकोर. कप्प्यांचा खोका आणि तळाला लोकर किंवा फेल्ट पुरे. पाहुण्यांना दाखवताना टेबलावर टॉवेल अंथरा, कारण हातात घेतलेली गोटी घरंगळवून पाहिल्याशिवाय कुणालाच राहवत नाही.

एक वही करा. प्रत्येक गोटीला क्रमांक, तीन व्यास, वजन, पाण्यातला आकडा, पैलू कसे आहेत, चंद्रकोरी किती आणि कुठे, कुठून आणि कितीला घेतली. चंद्रकोरींचं एक छोटं चित्र काढलंत तर उत्तम. गोटी दुसऱ्याकडे पाहायला दिली आणि परत आली, तर तीच आहे हे त्यावरून कळतं. गोटीवर शाईने क्रमांक घालू नका, कप्प्यावर चिठ्ठी लावा. पावती आणि कस्टम्सचा कागद त्याच पानाला टाचून ठेवा.